मोठ्या वाट्यांचे हेडफोन

मंचरला हायवेवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, दवाखान्याच्या वरच्या लांबट खोलीत आमचा सायबर कॅफे होता. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. नवरा कांदा-बटाट्याच्या आडतीवर कामाला, पहाटेच मार्केट यार्डात जायचा. त्यामुळे कॅफे चालवायचा तो मी आणि माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आहे, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणायची. पहिल्या दिवशी त्या आल्या त्या माझ्यावर नजर ठेवायला की पोरांवर, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एवढ्या परक्या पोरांत सून एकटी कशी बसणार, असं त्या घरात म्हणाल्या आणि डब्यासकट जिना चढल्या. दोन-चार दिवसांत त्यांना तिथं करमायला लागलं. काउंटरची खुर्ची त्यांची झाली, ती मला पुन्हा मिळाली नाही.

सुरुवातीला प्रत्येक कॉम्प्युटरला दोन छोटे स्पीकर होते. लोक यायचे निकाल बघायला, नोकरीचे अर्ज भरायला, ई-मेल करायला. स्पीकरचा कोणाला फारसा उपयोग नव्हता. मग अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना आमचा पत्ता लागला. जीपमधून दाटीवाटीनं यायची, दोन टोळ्या करायची आणि बंदुकांचा खेळ लावायची. एका टोळीनं दुसरीला हुडकून मारायचं, एवढीच गोष्ट. पण आठ-दहा कॉम्प्युटरवर एकाच वेळी ती गोष्ट सुरू झाली की खोलीच्या काचा थरथरायच्या. आत्या कानावर पदर ओढून बसायच्या, पण पोरांना कधी बोलल्या नाहीत. गिऱ्हाईक आहे, असं म्हणायच्या.

बोलले ते खालचे डॉक्टर. फार सभ्य माणूस. एका दुपारी गळ्यात स्टेथोस्कोप तसाच ठेवून ते वर आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, मी पेशंटच्या छातीला नळी लावतो आणि मला बाँब ऐकू येतो. तेवढं काहीतरी बघा."

मला इतकी लाज वाटली की त्याच संध्याकाळी मी सगळे स्पीकर काढून खोक्यात भरले. पोरं म्हणाली, आवाजाशिवाय हा खेळ खेळताच येत नाही, शत्रू मागून आला तर कळणार कसं? तेव्हा हेडफोन घ्यायचं ठरलं. कुठले घ्यायचे, याची मात्र मला काडीची माहिती नव्हती. हेडफोन म्हणजे हेडफोन, एवढीच माझी समज.

पुण्याला तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन घ्यावेत, असं नवऱ्यानं सुचवलं. आत्या म्हणाल्या, मीपण येते. मी म्हटलं, तुम्ही तिथं काय करणार? तर म्हणाल्या की कानाला लावायची वस्तू आहे, कान मलापण आहेत. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो.

दुकानदार तरुण होता आणि घाईत होता. त्यानं तीन जाती काउंटरवर मांडल्या. एक कानाच्या आत घालायची बोंडं. दुसरी, पातळ पट्टीला दोन बाजूंना काळे स्पंज, ते कानावर नुसते टेकायचे. तिसरी, मोठ्या वाट्यांची. त्या वाट्यांत अख्खा कान आत जायचा आणि बाहेरचा आवाज बंद व्हायचा. मी विचारत होते की यातला चांगला कुठला, आणि तो पुन्हा पुन्हा मलाच विचारत होता की कशासाठी पाहिजे. मला वाटलं, हा आपली टिंगल करतोय. कशासाठी म्हणजे काय, ऐकण्यासाठी.

तेवढ्यात आत्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला आणि एकेक लावून बघायला सुरुवात केली. त्यांच्या कानात वर बुगडी आणि खाली कुडी, दोन्ही जन्माची. बोंडं तर आत राहीनातच, कानात खडा गेल्यासारखं वाटतंय म्हणाल्या. स्पंजवाला लावला तर पट्टी आवळली आणि कुडीचा मागचा फिरकीचा भाग मानेच्या बाजूला रुतला. मोठ्या वाट्यांचा लावला, आणि त्यांचा चेहरा एकदम निवांत झाला. बुगडी, कुडी, सगळा कान त्या वाटीत अलगद मावला. दुकानदारानं गाणं लावायच्या आधीच त्या समोरच्या दुकानातसुद्धा ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा बरा हाय. काय बी आईकू येत न्हाई."

गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. मी हसू दाबलं, पण मनात म्हटलं, बरोबर आहे. आपल्याला आवाज बंदच करायचा आहे, तर जो जास्त बंद करतो तोच चांगला. बोंडं नकोच होती, कारण एकाच्या कानातलं दुसऱ्यानं घालायचं म्हणजे किळसवाणं, आणि ती खिशात घालून न्यायला पण सोपी. मी मोठ्या वाट्यांचे सांगितले. त्याच्याकडे तेवढे नग नव्हते, म्हणून उरलेले दोन-तीन स्पंजवाले घेतले. दोन्ही जातींना तोंडापुढं येणारी माइकची बारीक दांडी होती. तिचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. फुकट मिळतेय तर असू दे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या हिरव्या पिना कॉम्प्युटरच्या मागं खोचल्या. गुलाबी पिना, म्हणजे माइकच्या, तशाच लोंबकळत ठेवल्या. पोरं आली, हेडफोन चढवले, खेळ सुरू झाला. आणि खोलीत एक गोळी ऐकू येईना. मी आणि आत्यांनी एकमेकींकडे बघितलं. आता डॉक्टरांना चहाला बोलवावं, असा विचार माझ्या मनात आला.

तो विचार पाच मिनिटंसुद्धा टिकला नाही. कोपऱ्यातलं एक पोरगं बोंबललं, "मेलो राव, मागून मारला!" दुसऱ्यानं त्याहून मोठ्यानं विचारलं, कुठून? तिसरा उठून उभा राहून ओरडायला लागला की जिन्यावर दोघं आहेत, जिन्यावर दोघं आहेत. कान बंद असले की माणसाला आपला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो पोचावा म्हणून तो वाढवतच जातो. हे मला तपकीर गल्लीत कोणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे आत्यांनी तिथंच करून दाखवलं होतं, पण माझ्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर दोन दिवसांनी पुन्हा वर आले. या वेळी ते थोडे थकलेले दिसत होते. म्हणाले की आधी निदान पेशंटना सांगता यायचं, वर कॉम्प्युटरचा खेळ चाललाय. आता बंदुका वाजत नाहीत, पण वरून कोणीतरी 'मेलो, वाचवा' असं ओरडतं आणि सलाईन लावलेली म्हातारी उठून बसते.

ही गोष्ट सुटली ती एका चष्मेवाल्या मुलामुळं. तो त्या टोळीचा म्होरक्या होता. मी त्याला बाजूला घेऊन विनवणी करत होते की ओरडू नका रे, नाहीतर खेळच बंद करावा लागेल. तो म्हणाला की ताई, आम्ही काय मुद्दाम ओरडत नाही. मग बोलता बोलता त्याच्याच लक्षात आलं की स्पंजवाले लावून बसलेली पोरं फार ओरडत नव्हती. त्यांचे कान अर्धे उघडे होते ना. त्यांना खेळही ऐकू यायचा, खोलीही ऐकू यायची आणि स्वतःचा आवाजही.

मी म्हटलं, मग सगळ्यांनी तेच वापरा. त्यावर पोरांत दोन तट पडले. एकांचं म्हणणं, मोठ्या वाटीत पावलांचा आवाज साफ येतो, शत्रू डावीकडून येतोय की उजवीकडून ते कळतं. दुसऱ्यांचं म्हणणं, तासभर बसलं की त्या वाटीत कान उकडून निघतात, आणि लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर पंखे बंद असले की घाम गळ्यापर्यंत येतो. मी स्वतः दोन्ही लावून खेळून बघितलं. दोन्हीत तितक्याच लवकर मेले, त्यामुळं माझं मत कोणी विचारात घेतलं नाही.

शेवटी चष्मेवाल्यानं त्या लोंबकळणाऱ्या गुलाबी पिना उचलल्या. कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेलेच होते, त्यानं कुठूनसा एक छोटा प्रोग्रॅम आणला आणि माइक सुरू केले. आता टोळीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या कानात बोलायला लागला. आणि ओरडणं आपोआप बंद झालं, कारण माइकमध्ये कोणी ओरडला की बाकीच्यांच्या कानात ते फाटायचं आणि ते त्यालाच शिव्या द्यायचे. "हळू बोल, फुटतंय," हे वाक्य मी त्या खोलीत इतक्यांदा ऐकलं! मी पुण्याहून आणखी स्पंजवाले मागवले. मोठ्या वाट्यांचे सगळे काढून भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवले. खालचे डॉक्टर बरेच दिवस वर आले नाहीत, म्हणून मीच एकदा जाऊन विचारून आले. ते म्हणाले, वर कॅफे चालू आहे का बंद पडला, तेच मला कळेना.

हे सगळं होईपर्यंत मंचरला ब्रॉडबँड आलं होतं, आणि आमच्याकडं वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं. ज्यांची मुलं, मुली, जावई परदेशात होते ते आईबाप. त्यातलं पहिलं गिऱ्हाईक आमच्या घरचंच. माझी नणंद, मी त्यांना वन्स म्हणते, लग्न होऊन सिंगापूरला गेल्या होत्या. त्यांचे मालक तिथं एका कारखान्यात इंजिनिअर होते. दोन्ही घरांत मिळून विमानात बसलेले ते पहिलेच, त्यामुळं त्यांचा मान मोठा. इतकी वर्षं आत्या एसटीडी बूथवरून लेकीशी बोलायच्या, म्हणजे बरी आहेस का, जेवलीस का, ठेवते, एवढंच. आता दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरवर हवं तेवढं बोलता येणार होतं.

मी त्यांना स्पंजवाला हेडफोन दिला. त्यांनी तो लावला, कुडी रुतली, त्यांनी काढला. उठल्या, खिळ्यावरचा मोठ्या वाट्यांचा घेतला आणि माझ्या हातात देऊन म्हणाल्या की ह्याची पिन लाव. त्या क्षणी मला त्या दुकानदाराचा प्रश्न समजला. पोरांना जो नको होता, तोच आत्यांना हवा होता. खोलीतली पोरं, हायवेवरचे ट्रकचे हॉर्न, सगळं बंद करून एकट्या लेकीचा आवाज ऐकायचा होता.

ऐकण्याची सोय झाली, बोलण्याची राहिली. आत्यांचं माहेर आणे गावाकडच्या पठारावरचं, मेंढरं राखणारं घर. लहानपणी त्या माळावर एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर हाका मारत मोठ्या झालेल्या. आणि लेक तर सिंगापूरला. त्यांनी माइकपुढं तोंड नेऊन अशी काही हाक दिली की वन्सांनी तिकडं हेडफोन काढून टाकला. पुढची दोन-तीन मिनिटं नुसती खरखर. मग बारीक आवाज आला, "आई, मी तुझ्या शेजारीच बसलेय असं समज, आणि तसं बोल."

ते काही जमेना. मग मी पडद्यावर आवाजाची पट्टी उघडून दिली. बोललं की ती हिरवी होऊन वर चढायची आणि फार मोठ्यानं बोललं की टोकाला लाल व्हायची. लाल होऊ द्यायची नाही, एवढंच मी सांगितलं. आत्या त्या पट्टीकडं डोळे लावून बोलायला लागल्या. एखादं वाक्य लाल झालं की तेच पुन्हा हळू म्हणायच्या. महिन्याभरात त्यांचा असा एक आवाज तयार झाला, जो आम्ही घरात कोणी कधी ऐकला नव्हता. मऊ आणि खालचा. माझ्या नवऱ्यानं एकदा येऊन ऐकलं आणि मला विचारलं, ही नक्की आईच बोलतेय ना?

मी एका पिनेचे दोन फाटे करणारी जोडपिन आणली होती. आत्यांच्या शेजारी बसून मीही ऐकायची, लाइन तुटली तर पुन्हा जोडून द्यायला. त्यामुळं मला माहीत आहे की त्या किती बारीक ऐकायच्या. वन्सांच्या कुकरच्या शिट्ट्या इथून मोजायच्या आणि डाळ आता उतरव म्हणायच्या. पंखा कुरकुरतोय, त्याला तेल दे म्हणायच्या. सर्दी झालीय हे तर लेकीच्या आधी यांना कळायचं. वन्स हसायच्या आणि म्हणायच्या, आई, तू बोलायला येतेस की तपासायला?

एका रविवारी असंच बोलणं सुरू झालं. वन्सांनी नेहमीचं सगळं सांगितलं. आम्ही मजेत आहोत, हे बाहेर गेलेत, हवा बरी आहे. मला आवाज जरा घुमल्यासारखा वाटत होता. मी लाइनचा दोष समजून माइकचं सेटिंग शोधत होते. आत्यांनी माझा हात धरला आणि थांब अशी खूण केली. डोळे मिटून त्या थोडा वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग विचारलं, "कपाट कुठं गेलं?"

वन्स म्हणाल्या, कसलं कपाट?

"तुझ्या घरातलं. पलंग पण न्हाई. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तसा घुमतोय तुझा."

तिकडून पंख्याची कुरकुर तेवढी येत होती. मग वन्स न रडता एकेक सांगायला लागल्या. जावईबापू ज्या खात्यात होते ते खातंच कारखान्यानं बंद केलं होतं. दुसरीकडं काम शोधून झालं, मिळालं नाही. सामान विकलं, घर सोडायची नोटीस दिली, जमिनीवर गाद्या टाकून झोपत होते. तिकीट हातात आल्यावर सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं. हे कुठं बाहेर गेलेले नाहीत, इथंच बसलेत, असंही त्यांनी सांगितलं. गावात काय तोंड दाखवायचं, या विचारानं यांनी जेवण कमी केलंय.

मी पडद्याकडं बघत होते. आत्या आता ओरडणार, असं मला वाटलं. आमच्या शेजारी दोन पोरं एकमेकांवर गोळ्या झाडत होती, तीही कुजबुजत. आत्यांनी फक्त एवढंच म्हटलं की हेडफोन त्यांना दे.

सासूनं जावयाशी तोंडावर फार बोलायचं नाही, ही आमच्याकडची पद्धत. लग्नापासून या दोघांचं बोलणं म्हणजे 'बसा' आणि 'चहा घ्या', यापलीकडं गेलेलं नव्हतं. तिकडं हेडफोन एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर गेल्याचा खरखर आवाज झाला. मग कोणीतरी घसा साफ केला.

आत्यांनी सवयीनं पदर डोक्यावर, म्हणजे हेडफोनवरूनच, ओढून घेतला. म्हणाल्या, "पावणं, तुमी कामाला गेला व्हता. आता कामावरनं घरी येताय. त्यात लपवायचं काय?"

आत्यांनी आणखी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का. नाही, असं उत्तर आलं. मग आधी जेवा, मी इथं बसलेय, असं त्या म्हणाल्या. आणि खरंच बसून राहिल्या. कॉल चालूच होता. आम्हाला ताटं मांडल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला, दोघं हळूहळू एकमेकांशी बोलायला लागल्याचा आवाज आला. मी जोडपिनेतून माझा हेडफोन काढून घेतला आणि काउंटरवर जाऊन बसले.

कांदा काढणीच्या दिवसांत ते दोघं परत आले. गावातल्या लोकांनी जे विचारायचं ते विचारलं, एक-दोघांनी बोचेल असं विचारलं, पण पंधरा दिवसांत विषय बाजारभावाकडं वळला. जावईबापूंना पुढं चाकणला एका कारखान्यात काम मिळालं. कंपनीची बस हायवेवरून त्यांना घेऊन जायची. आत्यांशी ते अजूनही फार बोलत नाहीत, पण सणाला आले की स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर पाट घेऊन बसतात.

वन्स माझ्याबरोबर कॅफेत यायला लागल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा नीट. स्पंजना जुन्या साड्यांच्या खोळी शिवल्या आणि रोज धुवायची शिस्त लावली, मुलींसाठी वेगळा कोपरा केला. पुढं पुढं हातातल्या मोबाइलवर सगळं यायला लागलं आणि कॉम्प्युटरवर बसणारं गिऱ्हाईक ओसरलं. तेव्हा अर्ध्या खोलीत मोबाइलच्या वस्तूंचं दुकान काढायचं वन्सांनीच ठरवलं. पाकिटात लटकवलेले इअरफोन आम्ही विकायला लागलो. नारायणगाव, घोडेगाव, पार जुन्नरकडून गिऱ्हाईक यायचं, कारण वन्स कोणालाही आधी एकच प्रश्न विचारायच्या, कशासाठी पाहिजे? एसटीत झोपायला असेल तर वेगळा, भजन ऐकायला असेल तर वेगळा. टोपीवाल्या म्हाताऱ्यांना डोक्यावरची पट्टी नको असायची, त्यांना त्या मानेमागून येणारा द्यायच्या.

एकदा जुन्नरच्या बाजूचे एक शेतकरी आले. वीज रात्रीच येते, उसाला पाणी धरायला एकट्यानं जावं लागतं, तेव्हा कंटाळा येऊ नये म्हणून गाणी ऐकायची आहेत, म्हणाले. आत घट्ट बसणारे, बाहेरचं काही ऐकू न येणारे चांगल्यातले द्या. वन्सांनी देण्यासाठी उचललेलं पाकीट परत खिळ्याला अडकवलं. म्हणाल्या, "भाऊ, दोन्ही कान बंद करून उसात जाऊ नका. एक कान बिबट्याला ठेवा."

त्या भाऊंनी थोडा विचार केला. कालच शेजारच्या वस्तीवरची शेळी गेली, असंही सांगितलं. मग साधे दोन बोंडांचे इअरफोन घेतले, वन्सांकडून कात्री मागितली आणि आमच्यासमोर एका बाजूची वायर कापून टाकली. उरलेलं बोंड कानात घालून, मोबाइल खिशात ठेवून, मान एका बाजूला कलती करत ते जिना उतरून गेले.